आण्णांचं दुधाळ पाणी

गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून बाकावर पालथं ठेवलं. मेकॅनिकनं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून पाणी जायच्या भोकाच्या कडेला नुसता टेकवला, तर कडेचं ॲल्युमिनियम खारीच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं. आणखी थोडं टोचलं, आणखी आलं. आत पांढरट, ओलसर लगदा होता. बोटावर घेतला तर पानाच्या चुन्यासारखा लागला, आणि बघता बघता सुकून त्याची खडूसारखी पूड झाली. मूळचं भोक गोल असणार. आता त्याची एक बाजू सिलिंडरच्या दिशेनं इतकी पसरली होती की मधे जेमतेम नखाएवढी जागा शिल्लक होती.

"अजून एक पावसाळा गेला असता तर पाणी सिलिंडरात उतरलं असतं," तो म्हणाला. मग हात पुसत त्यानं एकच प्रश्न विचारला, "ताई, गाडी किती दिस हुबी होती?"

तीन वर्षं. माझ्याच दारात, माझ्याच डोळ्यांसमोर, वर चांगलं जाड आच्छादन घालून.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. फियाट ११०० डिलाइट, १९६७ सालची, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली ही कंपनी. याच गाडीच्या वंशात पुढं प्रीमिअर पद्मिनी आली आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईत २०२३च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत धावली. आमची गाडी मात्र कोल्हापुरातच राहिली. आण्णा शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. १९७८ मध्ये एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी घेतली आणि पुढची अडतीस वर्षं स्वतःच्या हातानं सांभाळली.

त्यांचा एक विधी मला लहानपणापासून पाठ होता. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळी झाली की एकदा, ते गाडीचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं, पाणी बदलायचे. आदल्या रात्री आईकडून मोठ्या पातेल्यात पाणी उकळून घ्यायचे. सकाळी वरचं निवळलेलं तेवढं ओतून घ्यायचं, तळाचा क्षार टाकून द्यायचा. "बाळंतिणीला देतात तसं उकळलेलं पाणी गाडीला," असं आई म्हणायची, पण गॅस लावून द्यायची. मग आण्णा कारखान्यातून आणलेल्या बाटलीतलं तपकिरी तेल मोजून टोपणभर त्या पाण्यात घालायचे, आणि पाणी क्षणात दुधासारखं पांढरं व्हायचं. टॉर्च धरून उभी असलेली मी ते बघत राहायचे. एक टोपण तेल आणि बादलीभर दूध. ते तेल म्हणजे लेथवर काम करताना धातूवर सोडतात ते सोल्युबल ऑइल, हे मला पुढं कळलं. ते गाडीत का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

२०१६ मध्ये आण्णा गेले. गाडी माझ्याकडं आली. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. गाडीची नीट निगा राखायची, आण्णांनी ठेवली तशी ठेवायची, हे मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, आणि त्याच मायेपोटी पहिलं काम केलं ते म्हणजे रेडिएटरमधलं ते 'खराब झालेलं' दुधाळ पाणी काढून टाकलं. चांगलं दोनदा खळखळून धुतलं. मग आमच्या इमारतीच्या बोअरचं स्वच्छ, नितळ, काचेसारखं पाणी गळ्यापर्यंत भरलं. झाकण लावलं. आच्छादन घातलं. परीक्षा, पेपर तपासणी, आईचं आजारपण यांत तीन वर्षं निघून गेली.

जे घडलं ते मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारी तार आणि दोघांना भिजवणारं क्षारांचं पाणी, एवढं जमलं की विजेचा घट तयार. ज्या धातूला इलेक्ट्रॉन सोडायची घाई जास्त, तो विरघळत जातो आणि दुसरा सुखरूप राहतो. विद्युत-विभवांचा तो तक्ता मुलं घोकतात: मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्ट, ॲल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. आकडा जितका उणे, तितकी घाई जास्त. आता या गाडीचं बोनेट उघडून बघा. इंजिनाचा खालचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यावर बसलेलं हेड ॲल्युमिनियमचं. पुढं रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि त्याचे सांधे कथील-शिशाच्या डागाचे, म्हणजे सोल्डरचे. या सगळ्यांतून एकच पाणी फिरतंय, आणि सगळे बोल्टांनी, पत्र्यानं, अर्थिंगच्या (विजेच्या परतीच्या) पट्टीनं एकमेकांना जोडलेले. तीन तिघाडा म्हणावं तर इथं चार-पाच धातू एकत्र नांदतायत. तक्त्यावर ॲल्युमिनियम आणि तांबं यांच्यात दोन व्होल्टांचं अंतर आहे. तो तक्ता माझ्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला आहे आणि गाडी माझ्या दारात उभी होती.

तक्ता मात्र पूर्ण खरं सांगत नाही, हेही याच गाडीनं मला शिकवलं. तक्त्याप्रमाणं गेलं तर ॲल्युमिनियमचं हेड वर्षभरही टिकायला नको. ते टिकतं, कारण हवा लागताच ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. पाणी साधारण उदासीन असेपर्यंत हा पापुद्रा शाबूत असतो. पाणी फार आंबट झालं किंवा फार क्षारधर्मी, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखं, झालं की तो विरघळतो, आणि पाण्यात क्लोराइड असलं तर जागोजागी टोचला जातो. बिडाचं उलट. पाणी थोडं क्षारधर्मी असेल तर त्याला बरं वाटतं. तांब्या-पितळेची तऱ्हा आणखी निराळी. म्हणजे एका घरात एकाला आंबट सोसत नाही, दुसऱ्याला तिखट, तिसऱ्याला खारट, आणि स्वयंपाक मात्र एकाच पातेल्यात करायचा आहे.

आपल्याकडच्या बायकांना यातलं निम्मं शास्त्र तक्त्याशिवाय माहीत होतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. हिरवट होतं, जीभ ओढल्यासारखी चव येते. म्हणून भांड्याला आतून कल्हई. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर फिरवायचा, कथलाचा तुकडा घासायचा आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात भांडं चांदीसारखं करायचा. धातू आणि आंबट यांच्या मधे काहीतरी घालायचं, बस. जस्त चढवलेल्या लोखंडी नळाला पितळी कॉक बसवला की सांध्याशीच नळ आधी सडतो, हेही प्लंबरला कुणी शिकवावं लागत नाही.

याच गोष्टीचा सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात आवडणारा दाखला समुद्रावरचा आहे. ब्रिटिश आरमारानं १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड किड्यांनी पोखरू नये म्हणून. पत्रे बसवले लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांबं ठणठणीत होतं, पण खिळे कुजून पत्रे जागोजागी सुटले होते. काही थोडे खिळे मात्र शाबूत सापडले. ते का, तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्याचा तुकडा त्या खिळ्यांच्या डोक्याखाली अडकून राहिला होता. तांबं आणि लोखंड यांच्या मधे कागद. दोन धातूंतल्या विजेची चाहूल देणारे बेडकाच्या पायांवरचे प्रयोग गॅल्व्हानी या शास्त्रज्ञानं प्रसिद्ध केले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढं १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं त्याच तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडून दाखवले, की एखादा धातू मुद्दाम झिजायला दिला तर दुसरा वाचतो.

आता पुन्हा आमच्या हेडकडं येते, कारण इथं एक गोष्ट मला खूप दिवस कळत नव्हती. रेडिएटर पुढं, हेड मागं, मधे रबराचे लांब होस पाईप. इतक्या लांबच्या पाण्यातून प्रवाह वाहणार तो कितीसा? हेड तर असं खाल्लं गेलं होतं की जणू तांबं त्याला चिकटून बसलं होतं.

तर ते खरोखरच चिकटून बसलं होतं, दोन वाटांनी. एक म्हणजे गॅस्केट, हेड आणि ब्लॉक यांच्या मधे गळती थांबवायला बसवलेला थर. जुन्या पद्धतीचं हेड गॅस्केट तांब्याच्या पातळ पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं, आणि पाण्याच्या भोकाभोवती त्या तांब्याचीच कड दुमडलेली असते. ॲल्युमिनियम, तांबं आणि बीड तिथं थराला थर लागून बसतात आणि ती फट सदैव ओली. (असं जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका. ओलं करून, तोंडाला मास्क लावून काढा. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जायला नको.) दुसरी वाट जास्त छुपी आहे. साध्या पाण्यात रेडिएटरचं तांबं अगदी किंचित, दिसणार नाही इतकं विरघळतं. ते पाण्याबरोबर फिरत हेडपर्यंत पोचतं आणि ॲल्युमिनियमवर बारीक कणांच्या रूपात जाऊन बसतं. बसल्या जागी प्रत्येक कण एक इवलासा घट होतो. तार नको, पट्टी नको. कण बसला तिथं खड्डा पडतो, आणि खड्ड्यातलं पाणी आंबट होत जातं, म्हणून तो आणखी खोल जातो. जुन्या गाडीत ॲल्युमिनियम वाचवायचं तर आधी तांबं विरघळू द्यायचं नाही, हा मला कळलेला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चांगल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवात, तांब्यावर पातळ थर धरणारं टॉलिट्रायाझोल किंवा बेंझोट्रायाझोल असतं ते यासाठीच.

आणि उभी गाडी. रोज चालणाऱ्या गाडीत पाणी खेळतं राहतं. उभ्या गाडीत ते फटींत, होसच्या कडेखाली, तळच्या कोपऱ्यांत साचून राहतं आणि जे काय व्हायचं ते एकाच जागी महिनोन् महिने होत राहतं. आमच्या गाडीत हेडच्या ज्या तोंडावर होस पाईप चढतो, ते रबराखाली चाळणीसारखं झालं होतं. बाहेरून क्लिप चकचकीत.

बोअरच्या त्या 'नितळ' पाण्याचा थोडा नमुना मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. क्लोराइड. त्या नळीकडं मी बराच वेळ बघत उभी राहिले.

त्या काळात आण्णांच्या वह्या काढल्या. कारखान्यातल्या मापांच्या, किराण्याच्या, आणि एक गाडीची. पानोपान बारीक अक्षर: पेट्रोल, ब्रेकचं तेल, प्लग. आणि दर सहा महिन्यांनी एक तारीख, पुढं फक्त 'पा. ब. १ टो.' मी आधी 'पाटा बदलला' असं लावू बघत होते, पण वर्षातून दोनदा स्प्रिंगचा पाटा कोण बदलतं? पाणी बदललं, एक टोपण. अडतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. १९८४च्या नोंदीपुढं माझ्या बारशाची तारीख आहे, आणि त्याच्याच खालच्या ओळीत पा. ब.

त्या दुधाळ पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ते धातूवर पातळसा तेलकट पडदा धरतात आणि गंज रोखणारी द्रव्यंही त्या तेलात मिसळलेली असतात. लेथवर ताजं कापलेलं लोखंड गंजू नये म्हणून जे चालतं, ते गाडीत चालेल हे टर्नरच्या लक्षात यावं यात नवल नाही, आणि जगभर जुन्या गाड्यांत ते वापरलंही गेलं. त्याला मर्यादा आहेत. जास्त झालं तर रबर फुगतं आणि उष्णता नीट सुटत नाही. म्हणून ते टोपणानं मोजलेलं. आज मी ते वापरत नाही, कारण याहून चांगलं मिळतं. पण ते खराब पाणी नव्हतं.

दुरुस्तीला पाच महिने लागले. हेडचे खड्डे खरवडून धातू निरोगी लागेपर्यंत साफ केले, आर्गॉन वेल्डिंगनं भरले, आणि उद्यमनगरात आण्णांबरोबर काम केलेल्या एका काकांनी त्याचा फेस मारून, म्हणजे बसायची बाजू सपाट करून, दिला. पैसे घेतले नाहीत. हेड हातात धरून ते म्हणाले, "तुझे आण्णा असते तर हे झालं नसतं," आणि मी म्हणाले, "हो काका." त्यात दुसरं काय म्हणणार.

रेडिएटर चाचांकडं गेला. चाचा म्हणजे रेडिएटरचं काम करणाऱ्यांची तिसरी पिढी, दुकानात उकळत्या पाण्याचं पिंप आणि भिंतीला टेकलेले पन्नासेक रेडिएटर. त्यांनी वरची टाकी डाग सोडवून उघडली, नळ्यांतून एकेक करून लोखंडी पट्टी घालून माती काढली, गळकी जागा दाखवली. तिथं निळसर-हिरवा फुलोरा आला होता, ताक कळकल्यावर भांड्याच्या काठाला येतो तसा. डाग द्यायच्या आधी ते जागेवर तेजाब लावतात. साधं नाही, जस्ताचे तुकडे टाकून 'मारलेलं' तेजाब. मला रसायनशास्त्रवाली म्हणून त्यात लगेच जस्ताचं क्लोराइड दिसलं आणि मी घाबरून विचारलं, हे आत राहिलं तर? चाचा हसले नाहीत. त्यांनी सोड्याच्या पाण्याची बादली दाखवली. "तेजाब राहिलं तर माझाच डाग मला खाईल, ताई. तीनदा धुतो." रेडिएटरवाल्याची पारख करायची असेल तर त्याचा डाग कसा दिसतो हे बघण्याबरोबर तो नंतर किती धुतो हेही बघा.

सोड्याबद्दल मात्र एक सांगते. सुटा रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्यात सोड्याचं पाणी चालतं. पण धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक अख्ख्या इंजिनात ओतून गाडी चालवून 'साफ' करायचा सल्ला मला दोघातिघांनी दिला. तो सगळं इंजिन बिडाचं असलेल्या गाड्यांच्या काळातला आहे. ॲल्युमिनियमच्या हेडवर तो घातला तर पापुद्रा विरघळून धातू उघडा पडतो. गंज काढायला मी सौम्य सायट्रिक आम्ल वापरलं, थोडा वेळ, आणि नंतर पाणी स्वच्छ येईतो धूत राहिले.

गाडी खुली असतानाच मी कॉलेजच्या खिडकीत तीन बरण्या मांडल्या. प्रत्येकीत ॲल्युमिनियमची पट्टी, तांब्याची पट्टी आणि बिडाचा तुकडा, तारेनं एकत्र बांधलेले. पहिलीत बोअरचं पाणी, दुसरीत नुसतं डिस्टिल्ड, तिसरीत डिस्टिल्ड पाण्यात निम्मं हिरवं कूलंट. याचं मोठं रूप खरोखरच प्रमाणित चाचणी आहे. तांबं, डागाचं कथील-शिसं, पितळ, पोलाद, बीड आणि ओतीव ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या एका दांडीवर ओवून, मुद्दाम क्षार घातलेल्या पाण्यातल्या कूलंटमध्ये ८८ अंश सेल्सिअसला ३३६ तास, म्हणजे बरोबर दोन आठवडे, हवेचे बुडबुडे सोडत ठेवायच्या. नंतर वजन करायचं. तांबं, पितळ, पोलाद, बीड यांच्या पट्टीमागं १० मिलिग्रॅमपर्यंतची घट चालते, डाग आणि ॲल्युमिनियम यांना ३०. त्या सहा पट्ट्या म्हणजे अगदी आमच्या फियाटसारखी गाडीच, दांडीवर ओवलेली.

माझ्या बरण्यांत दोन आठवडेही लागले नाहीत. पाचव्या दिवशी बोअरच्या बरणीत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, तारेच्या गाठीपाशी, एक पांढरा फुगवटा आला, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यासारखा. त्या आठवड्याअखेर अशा दाण्यांची रांग झाली आणि बिडानं पाणी विटकरी केलं. डिस्टिल्डची बरणी पहिले काही दिवस शांत होती. मुलांना वाटलं ती जिंकणार. पण बिडानं हळूहळू तिलाही पिवळं केलं. नुसतं शुद्ध पाणी पुरत नाही, कारण धातूंना स्पर्श झाला की ते फार काळ शुद्ध राहतच नाही. तिसरी बरणी वर्ष संपेपर्यंत जशीच्या तशी होती. बारावीतल्या एका मुलीनं वहीत तिन्हींची चित्रं काढली आणि विचारलं, "मॅडम, मग तिसरीतला घट बंद पडलाय का?" बंद नाही, प्रत्येक धातूवर आता काहीतरी पांघरलंय, एवढंच मी सांगितलं. त्या तासाला तक्ता शिकवायला घेतलाच नाही.

आता गाडीत जे करते ते सांगते. पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, बॅटरीसाठी मिळतं ते. घरच्या फिल्टरचं आरओ पाणी नळापेक्षा बरं, पण त्यात थोडे क्षार उरतातच. जड पाणी 'मऊ' करणाऱ्या यंत्राचं पाणी मुळीच नाही. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, क्लोराइड तसंच राहतं. कूलंट इथिलीन ग्लायकॉलचं, जुन्या पद्धतीचं, ज्यात सिलिकेट असतं आणि जे डब्यावर तांबं, पितळ आणि डाग चालतात असं स्पष्ट सांगतं. नुसत्या सेंद्रिय आम्लांवर चालणारी नवी दीर्घायुषी कूलंटं नव्या गाड्यांत उत्तम आहेत. शिशाचा डाग असलेल्या रेडिएटरमध्ये मी ती टाळते. आणि रंगावर विश्वास नाही. हिरवा, नारिंगी, गुलाबी हा कंपनीनं घातलेला रंग आहे, गुणधर्म नाही.

कोल्हापुरात बर्फ पडत नाही, मग निम्मं कूलंट कशाला, असं सगळे विचारतात. पाणी गोठू नये म्हणून नाहीच ते. गंज रोखणारी द्रव्यं ग्लायकॉलबरोबर येतात. कूलंट फार पातळ केलं तर त्यांचा डोस अपुरा पडतो. आणि ती संपतात. धातूंवर थर धरताना ती खर्च होतात आणि गरम ग्लायकॉल हळूहळू आम्लात बदलतं. रंग तसाच दिसतो, आतलं संरक्षण गेलेलं असतं. डब्यावर काही लिहिलेलं असो, मी दोन वर्षांत बदलते. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात नाही. ते विषारी आहे आणि चवीला गोड, मांजरं-कुत्री चाटतात आणि दगावतात. आमच्या गल्लीत मांजरं बरीच आहेत, म्हणून ते उघड्या बादलीत क्षणभरही ठेवत नाही.

बळीचा बकरा म्हणून मिळणारे जस्ताचे तुकडे, रेडिएटरच्या झाकणाला टांगायचे, यांच्याबद्दल मला बरेच जण विचारतात. डेव्हीचाच तो विचार. पण झाकणाला टांगलेला तुकडा पितळेच्या रेडिएटरला जोडलेला असतो, ज्याला वाचवायची गरज सर्वांत कमी. होसच्या पलीकडच्या हेडपर्यंत त्याचा हात फारसा पोचत नाही. शिवाय साधारण ६० अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांच्या भूमिकाच उलटू शकतात. म्हणून तर घरातल्या गिझरमध्ये जस्ताऐवजी बहुधा मॅग्नेशियमची कांडी असते. (ती कांडीही दोन-तीन वर्षांनी काढून बघा. आमची निघाली तेव्हा तिची आतली तारच उरली होती.) लावायचा तर लावा, इंजिनाला नीट जोडून लावा, पण त्याच्या भरवशावर पाणी बदलायचं सोडू नका.

आणि अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी आणि बॅटरीशी जोडणारी विणलेली पट्टी गंजली तर स्टार्टरचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि काही वेळा ती वाट पाण्यातून जाते. ही आता नुसती दोन धातूंची कुरबुर राहत नाही, बॅटरी स्वतः धातू खायला लागते. तपासणं सोपं आहे. थंड गाडीचं झाकण काढायचं, मल्टिमीटरची काळी कांडी बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल कांडी कूलंटमध्ये बुडवायची, धातूला न टेकवता. ०.१ व्होल्टच्या आत असलं तर मी निश्चिंत असते, ०.३च्या वर गेलं तर कूलंट संपलंय असं धरते. मग कुणाला तरी दिवे, हॉर्न, स्टार्टर एकेक करून चालवायला सांगायचं. आकडा एकदम उडी मारतो त्या वस्तूचं अर्थिंग खराब.

गाडीला आता महाराष्ट्राची विंटेज नोंदणी मिळू शकते. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम आला, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण तशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मी अजून ठरवलेलं नाही. मला ती दर रविवारी रंकाळ्याला नेऊन आणायची असते, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, पाणी सगळीकडं फिरेपर्यंत.

परवा पाणी बदललं. तळाचा कॉक उघडून आधी थोडं आईच्या जुन्या पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात घेतलं, म्हणजे काही कण असले तर दिसतात. हिरवं, स्वच्छ, तळाला काही नाही. होस काढून हेडच्या तोंडात बोट फिरवलं, कोरडं आणि गुळगुळीत लागलं. पांढरं काही नाही. नवं भरल्यावर मीटरवर ०.०४. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्याला मात्र डाव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा निळसर ठिपका दिसला, तो मागच्या वेळी नव्हता. फोटो काढून चाचांना पाठवलाय, ते म्हणाले गाडी घेऊन या. आण्णांच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं, पा. ब., चाचांना दाखवणे.